अप्पांनी हिरवळ काढली

ज्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात ज्ञानदीप कॉलनीत हिरवी म्हणावी अशी एकच गोष्ट शिल्लक होती आणि ती महादेवप्पा बिडवे यांच्या मालकीची होती. लोकांवर पैसा लपवायची वेळ येते, सोनं लपवायची वेळ येते; महादेवप्पांवर गवत लपवायची वेळ आली होती. आणि गवत ही काही लपवण्यासारखी वस्तू नव्हे. ते फाटकातून दिसतं, शेजारच्या गच्चीवरून दिसतं, आणि रस्त्यानं रिकामी घागर घेऊन जाणाऱ्याला तर जरा जास्तच दिसतं.

तशी ती हिरवळ शौकापोटी लावलेली नव्हती. भूकंपाच्या साली अख्खी कॉलनी घरं उघडी टाकून अप्पांच्या अंगणात झोपायला आली होती, कारण डोक्यावर काही पडणार नाही अशी तेवढीच सपाट जागा होती. कॉलनीतल्या सगळ्यात थोरल्या कस्तुराबाईंच्या पाठीला एक खडा टोचायचा आणि तो नेमका कुठं टोचतोय हे त्या सगळ्यांना सांगत राहायच्या. पुढच्या पावसाळ्यात अप्पांनी तिथं गवत लावलं. धरणी पुन्हा हललीच तर निदान लोकांच्या पाठीला मऊ लागावं, इतकाच हेतू. पुढं क्लासेस आले, क्लासेसच्या मागं पोरं आली, पोरांच्या मागं मजले आले, आणि 'आता जन्मात छताखाली झोपणार न्हाई' अशी शपथ वाहिलेल्या मंडळींनी एकावर एक छतं चढवून ती भाड्यानं दिली. अप्पांचं घर तेवढं एकमजली राहिलं. त्यांच्या पत्नी पार्वतम्मांनी शपथ वाहिली नव्हती; त्यांनी नुसतं 'न्हाई' म्हटलं होतं.

कॉलनीची सभा नेहमी सलीमभाईच्या दुकानात भरायची. सलीमभाई सोफे बनवायचा, त्यामुळे बसायची सोय आयती असायची, फक्त सोफ्यांवरचं प्लास्टिक काढायची परवानगी नसायची. त्या दिवशी त्या प्लास्टिकवर घामानं चिकटून बसलेल्या सभेपुढं चिटणीस शेषेराव उभे राहिले. शेषेरावांचे रसायनशास्त्राचे क्लास होते आणि वरच्या सगळ्या मजल्यांवर मुलींचं होस्टेल होतं.

"अप्पा, राग मानू नका," शेषेराव म्हणाले. ज्या बोलण्याची सुरुवात अशी होते, ते बोलणं राग यावा म्हणूनच केलेलं असतं. "टँकर येतंय आठ-आठ दिवसाला. माझ्या पोरी तांब्याभर पाण्यात उरकायल्यात. आन तुमचं गवत बघावं तर हिरवंगार. पानी येतंय कुठून?"

"धुण्याचं पानी घालतो," अप्पा म्हणाले.

"दोन मान्साच्या धुण्यावर एवढं हिरवं?"

तेवढ्यात मागच्या सोफ्यावरून कुणीतरी म्हणालं, "अवो, पाटबंधारे खात्यात होते ते. त्यांना सगळ्या पाइपा ठाऊक असत्यात."

सभा हसली. अप्पांना वाटलं, पायाखालची फरशी सरकली. त्यांनी सगळी हयात पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून काढली होती आणि खात्याच्या पाण्याला बोट लावलं नव्हतं. त्यांच्या फायलीतल्या कालव्यांना बोट लावण्याइतकं पाणी कधी आलंच नव्हतं हा भाग वेगळा. पण आलं असतं तरी लावलं नसतं. चोर हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण तो सगळ्या सोफ्यांवर ऐसपैस बसला होता. अप्पा उठले. प्लास्टिकनं त्यांचं धोतर धरून ठेवलं होतं, ते त्यांनी शक्य तितक्या मानानं सोडवलं.

"येत्या सोमवारपर्यंत हिरवळ काढतो," ते म्हणाले. "आन तिथं अशी बाग करून दावतो, की तांब्याभर पानी तिला आठवडा पुरंल. न्हाई दावली तर ह्या कॉलनीत माझं नाव मान्सात घेऊ नका."

खरी गोष्ट अशी होती, की होळीपासून अप्पांनी अंगावरून पाणी घेतलं नव्हतं. सकाळी ओल्या पंचानं अंग पुसायचे, वर विभूतीचे पट्टे ओढायचे, आणि आपल्या आंघोळीची बादली धुण्याच्या पाण्यात ओतून ती गवताला घालायचे. हे पार्वतम्मांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. सभेत हे सांगितलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण निवृत्त हेडक्लार्कनं भर सभेत उभं राहून 'मी आंघोळ करत नाही' असं सांगायचं तरी कसं? त्यापेक्षा चोर ठरलेलं बरं, असं अप्पांना वाटलं, आणि घरी येईस्तोवर तेही बरं वाटेनासं झालं.

हिरवळ निघणार ही बातमी फुटताच सल्ल्यांचा टँकर मात्र रोज यायला लागला. शेषेराव म्हणाले, हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरा, माझ्या क्लासच्या स्वागतकक्षात आहे तसं, वर्षातून एकदा झाडलं की झालं. सलीमभाई म्हणाला, फरशी टाका. कस्तुराबाईंनी बजावलं, दारात काटेरी झाड लावशील तर घरात भांडणं होतील. अप्पांच्या घरात भांडणं काटे नसतानाही होत होती, त्यामुळे त्यांना त्यात नवीन धोका दिसला नाही. पार्वतम्मा एवढंच म्हणाल्या, "करा काय करायचं ते. पन माझ्या धुण्याची दोरी हलवू नका."

अप्पा नियमानं चालणारे. त्यांच्या घरापुढं टँकरच्या यादीत कुणीतरी 'बाग आहे' असा शेरा मारून ठेवला होता, तो आधी काढून घ्यावा म्हणून ते महापालिकेच्या कचेरीत गेले. तिथला कारकून तरणाबांड होता आणि पंख्याखाली बसला होता.

"बाग काढली का?"

"काढणार हाय."

"मग काढल्यावर या."

"काढल्यावर तुमी म्हनाल, पुरावा काय?"

"ते तर म्हननारच की. आधी बाग होती ह्याचा एक दाखला लागंल, आन आता बाग न्हाई ह्याचा दुसरा. पहिला उद्यान विभागात मिळंल."

"आन दुसरा?"

कारकुनानं विचार केला. "दुसरा आजवर कुनी मागितलाच न्हाई. साहेब फिरतीवर हायत, सोमवारी बघा." आणि त्यानं मान डावीकडं कलती करून पुढच्या माणसाकडं पाहिलं.

अप्पा हादरले. हे वाक्य त्यांचं होतं. मानेचा कलसुद्धा त्यांचाच होता. सबंध नोकरीत त्यांनी शेकडो शेतकऱ्यांना हे वाक्य ह्याच चालीवर ऐकवलं होतं, आणि ते समोरून ऐकायला असं लागतं हे त्यांना आज कळलं.

मग त्यांनी दाखल्याचा नाद सोडला आणि हिरवळ काढायला घेतली. कुदळ मारायचा जीव होईना, तेव्हा सलीमभाईनं तोड काढली. "अप्पा, मेरे साले के शेळ्या हैं रेणापुरात. दुपारी आणून सोडतो. संध्याकाळपर्यंत मैदान साफ. कुदळ नको, मजूर नको."

शेळ्या आल्या. त्यांनी हिरवळीला तोंड लावलं, एकमेकींकडं पाहिलं आणि तोंड बाजूला घेतलं. मग त्यांनी पार्वतम्मांच्या वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या, दोरीवरचं लुगडं पदरापासून खायला घेतलं, शेषेरावांच्या भिंतीवरची 'यशाची परंपरा' ही जाहिरात पहिल्या पाच गुणवंतांपर्यंत खाल्ली, आणि गवतावर बसून रवंथ करू लागल्या. सलीमभाईला आपल्या साल्याच्या शेळ्यांची शरम वाटली. त्यानं गुडघ्यावर बसून मूठभर गवत उपटलं, वास घेतला, आणि अप्पांकडं वर बघत म्हणाला, "अप्पा, ह्याला तर साबणाचा वास येतोय."

"मग मी काय सांगायलो होतो सभेत?" अप्पा म्हणाले.

सलीमभाई उठला. त्यानं शेळ्या हाकलल्या, घरातून कुदळ आणली, आणि स्वतःच पहिला घाव घातला. दोघांनी मिळून ती हिरवळ उलथली. गवत मुळासकट वर येताना चर्रकन आवाज करायचं, आणि अप्पांना दर वेळी काळजात तसंच व्हायचं.

झाडांसाठी अप्पा नांदेडला गेले, कारण लातूरच्या रोपवाटिकांत त्या साली फक्त कुंड्या उरल्या होत्या. तिथून त्यांनी कोरफड घेतली, चिनी गुलाबाचे फुललेले ट्रे घेतले, आणि पोत्यात घालून दोन टोलेजंग घायपात घेतले. घायपाताच्या पात्याच्या टोकाला दाभणासारखा काटा असतो, आणि एसटीच्या मधल्या वाटेत उभ्या केलेल्या पोत्यातून तो बरोबर बाहेर येतो. अहमदपूर येईस्तोवर त्या बसमधले तीन सभ्य गृहस्थ आपापल्या जागेवरून एकदम उभे राहिले होते, आणि प्रत्येकानं मागच्या माणसाकडं रागानं पाहिलं होतं. अप्पा खिडकीबाहेर बघत बसले. नोकरीत ज्याला फाइल कुठं अडली हे ठाऊक असूनही खिडकीबाहेर बघता येतं, त्याला हे जड जात नाही.

राहता राहिला खड्डा. पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्यासाठी अंगणात एक शोषखड्डा घ्यावा, अशी अप्पांची स्वतःची कल्पना होती. खात्यात असताना त्यांनी अशा खड्ड्यांची पुष्कळ परिपत्रकं काढली होती आणि एकही खड्डा पाहिला नव्हता. पण खोदायला माणूस मिळेना. सगळे खोदणारे बोअरच्या गाड्यांवर गेले होते. शेवटी पार्वतम्मांनी गुंडप्पाला बोलावून आणलं.

गुंडप्पा समाजाच्या रुद्रभूमीत खड्डे खोदायचा. अप्पांच्या लिंगायत समाजात माणसाला दहन करत नाहीत. बसत्या आसनात, विभूती लावून, फुलं-बेल वाहून मातीआड करतात. त्या कामात गुंडप्पाच्या हाताला मोठं यश आहे असं सगळे म्हणत. ज्यांच्यासाठी त्यानं खड्डे खोदले त्यांचं मत मात्र कुणी घेतलेलं नव्हतं.

अप्पांनी त्याला कागदावर काढलेला नकाशा दिला. गुंडप्पानं तो दगडाखाली ठेवला. "कागुद कशाला, अप्पा? हयात खड्ड्यात गेली माझी."

सोमवारी दुपारी जेवण करून अप्पा बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले. खड्डा सुरेख झाला होता. चारी बाजू कापल्यासारख्या. आत उतरायला तीन पायऱ्या. आणि समोरच्या भिंतीत, एक माणूस मांडी घालून नीट मावेल असा कोनाडा.

"हे काय केलास, गुंडप्पा?"

"खड्डा."

"पायऱ्या कशाला?"

"उतरायला."

"आन हा कोनाडा?"

गुंडप्पानं खड्ड्याकडं पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "काय करू, अप्पा? हात आपुआप वळतंय. मला दुसरा खड्डा येतच न्हाई." मग त्याचा मोबाइल वाजला, तो 'हाव, हाव, निघालोच' म्हणाला आणि कुदळ खांद्यावर टाकून म्हणाला, "औशाला अर्जंट काम निघालंय. माती सारायला उद्या येतो."

कसलं अर्जंट काम ते अप्पांनी विचारलं नाही.

गुंडप्पापाठोपाठ पार्वतम्मा मागच्या गल्लीतल्या मठात प्रवचनाला गेल्या, आणि जाताना नेहमीप्रमाणे फाटकाला बाहेरून कुलूप लावून गेल्या. त्या उन्हाळ्यात लोक कपाट उघडं टाकत, पण पाण्याची टाकी कुलपात ठेवत. अप्पा एकटेच राहिले. ऊन असं होतं की चिनी गुलाब माना टाकू लागले. सोमवार तर आज होता. संध्याकाळी कॉलनी बाग बघायला येणार होती. अप्पांनी फुलांचे ट्रे एकेक करून खड्ड्यात, सावलीत नेऊन ठेवले. आत उतरल्यावर त्यांना आश्चर्याचा धक्काच बसला. काय तो गारवा! घरात कूलर होता, पण त्याला पाणी लागतं. इथं बिनपाण्याचा कूलर तयार होता. ते जरा टेकावं म्हणून कोनाड्यात बसले. पाय पसरायला जागा नव्हती म्हणून मांडी घातली. झळ लागू नये म्हणून कानांत कापसाचे बोळे होते, वरून डोक्याला उपरणं होतं. कपाळावर सकाळची विभूती होती आणि बाकी अंगावर गुंडप्पानं उडवलेली पांढरी चुनखडीची माती बसली होती. भाकरी, पिठलं आणि वर ताक, असं जेवण झालेलं होतं. अप्पांनी डोळे मिटले.

जाग आली ती कुणाच्या तरी रडण्यानं. कापसातून आवाज लांबून आल्यासारखा येत होता. "देवमानूस होता वो," कुणीतरी म्हणत होतं. अप्पांना हळहळ वाटली. कॉलनीत कुणीतरी गेलं होतं तर. वयाचा हिशेब लावता कस्तुराबाईच असणार. बिचारी. त्यांना मनोमन हात जोडावेत असं अप्पांच्या मनात आलं, तोच कस्तुराबाईंचा आवाज आला, "कुनी बोट लावू नका तेला. अम्मा आल्याबिगर न्हाई. आन कोयंडा तोडू नका, चावी येतीया."

म्हणजे कस्तुराबाई नव्हत्या. मग कोण?

"माझ्यामुळं झालं," हा आवाज शेषेरावांचा होता, आणि तो चक्क फुटला होता. "मी बोललो सभेत. महादेवप्पांनी मनाला लावून घेतलं. सोमवार म्हनाले, आन सोमवारीच गेले."

म्हणजे गेले होते ते अप्पाच. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून छातीचा कानोसा घेतला. छाती धडधडत होती. हा पहिला दिलासा.

झालं होतं ते असं. सलीमभाईची बायको चांदबी गच्चीवर पापड उलटायला गेली होती. तिनं सहज खाली पाहिलं. अप्पांच्या अंगणात पायऱ्यांचा खड्डा, खड्ड्यात फुलं, आणि फुलांत मांडी घालून, कपाळाला विभूती लावून, राखेसारखे पांढरे पडलेले अप्पा. चांदबी कॉलनीतल्या सगळ्या मयतींना जाऊन आलेली बाई. बिडव्यांच्यात कसं बसवतात हे तिला ठाऊक होतं. तिच्या हातचे पापड रस्त्यावर पडले आणि ती "या अल्ला, अप्पा गए! आपणच जाऊन बसले!" असं ओरडत जिना उतरली. लोकांनी भिंतीवरून हाका मारल्या. कापसाच्या बोळ्यांनी त्या आत येऊ दिल्या नाहीत. मग सगळ्यांची खात्रीच झाली.

"कुनाला तरास नको म्हनून खड्डासुदिक स्वतःच खोदून घेतला," कुणीतरी म्हणालं.

"पहिल्यापास्नं तसाच," कस्तुराबाई म्हणाल्या. "भूकंपात मला तरास व्हायचा, तर स्वतःची वाकळ माझ्याखाली घातलेली ह्यानं. आन आपुन तेला काय म्हनलो? चोर म्हनलो."

"चोर नव्हते!" हा सलीमभाई. "गवताला साबणाचा वास होता, मैं खुद सूंघा. माझ्या साल्याच्या शेळ्या गवाह हैं. तोंड लावलं न्हाई त्यांनी!"

आता उठावं असं अप्पांना वाटलं. पण एक तर मांडी घालून पायांना मुंग्या आल्या होत्या. आणि दुसरं म्हणजे, खोटं कशाला बोला, त्यांना अजून थोडं ऐकायचं होतं. माणसाबद्दल लोक असं एकदाच बोलतात आणि तेव्हा त्याची ऐकायची सोय नसते. अप्पांची सोय झाली होती. शिवाय लोक इतकं चांगलं बोलत असताना मध्येच जिवंत होणं त्यांना असभ्यपणाचं वाटलं.

तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी 'अम्मा आल्या' म्हणालं. किल्ल्यांचा जुडगा वाजला. कुलूप निघालं आणि गर्दी आत शिरली. मग पायऱ्यांवरून पावलं उतरली, एक, आणि थांबून दुसरं. अप्पांनी डोळे उघडले. समोर पार्वतम्मा होत्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की इतक्या वर्षांच्या संसारात अप्पांनी तो कधी पाहिला नव्हता, आणि आपण हे काय करून बसलो असं वाटून त्यांना स्वतःचाच राग आला.

"अवो," पार्वतम्मा म्हणाल्या. "हाव का न्हाई तुमी?"

"हाव," अप्पा म्हणाले.

पार्वतम्मा तिथंच पायरीवर बसल्या आणि तेव्हा कुठं त्यांना रडू फुटलं. "मग उठा की, मेल्यावानी काय बसलाव!"

अप्पा उठले. खड्ड्याच्या कडेनं वाकून बघणाऱ्या लोकांनी जो गलका केला, तो पुढच्या चौकात क्लासमध्ये बसलेल्या पोरांना ऐकू गेला आणि भूकंप समजून अख्खी बॅच रस्त्यावर आली. शेषेराव मागं सरकले आणि आधार म्हणून घायपातावर बसले. त्यांची किंकाळी सगळ्यात उशिरा थांबली.

मुंग्या आलेले पाय ओढत अप्पा वर आले, आणि त्यांना त्या दिवसातला सगळ्यात मोठा धक्का बसला. उलथलेल्या अंगणात पाणी उभं होतं. कुलूप निघताच फाटकातून आत घागरींची रांग लागली होती. कळशा होत्या, स्टीलचे डबे होते, झाकण लावलेलं पातेलं होतं. सलीमभाईनं हातगाड्यावर त्याचं निळं पिंप आणलं होतं, ते तोंडोतोंड भरलेलं होतं. होस्टेलच्या मुली भिंतीला लागून उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या पायाशी तिची पाण्याची बाटली होती. टँकर यायला अजून अवकाश होता. ज्याच्या घरात जेवढं होतं तेवढं त्यानं उचलून आणलं होतं.

"हे काय?" अप्पांनी विचारलं.

चांदबी पदर डोक्यावर घेत म्हणाली, "तुमच्या आंघोळीचं, अप्पा. आखरी आंघोळ तर पाण्यानंच घालायला लागते ना. तुमच्या टाकीला तर कुलूप होतं."

अप्पांनी हात जोडले. "न्या," ते म्हणाले. "न्या परत घरला. मी हाय की."

"परत?" कस्तुराबाई कडाडल्या. "मयताच्या नावानं काढलेलं पानी घरात परत न्हेतेत व्हय? तुझं डोस्कं तिकडं राहिलंय का?"

सगळे विचारात पडले. पाणी तर परत नेता येत नाही. ओतून द्यावं तर त्या उन्हाळ्यात ते पाप. शेषेराव एका बाजूला कलून उभे राहत म्हणाले, झाडांना घालू. सलीमभाई म्हणाला, घायपाताला एवढं घातलं तर सडेल, अप्पांची तांब्याभराची जबान जाईल. मग कस्तुराबाईंनीच निकाल दिला. "ज्याच्या नावानं काढलं, तेलाच घाला. मेल्याची अफवा उठली की आयुष्य वाढतं, वरून आंघूळ घातली की अजून वाढंल. पाट आना."

अप्पा दचकले. मेल्याची अफवा त्यांनी सोसली होती. हे त्यांना सोसवणार नव्हतं. "न्हाई, न्हाई," ते मागं सरकत म्हणाले. "माझी झाली हाय सकाळी आंघोळ. पार्वती, सांग की!" पार्वतम्मा पदराला डोळे पुसत राहिल्या. तोवर पाट आला होता, सदरा उतरला होता, आणि कॉलनीतल्या चार जाणत्या माणसांनी अप्पांना खांद्याला धरून बसवलं होतं. तेवढं काम करायच्या तयारीनंच ते आलेले होते.

पहिली कळशी शेषेरावांनी ओतली. दुसरी ओतता ओतता त्यांनी अपराधी मनानं अप्पांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि हात मध्येच थांबला. चुनखडी पहिल्याच पाण्यानं वाहून गेली होती. तिच्याखाली जे होतं ते चुनखडी नव्हतं. हाताखाली मळाच्या वळकट्या निघत होत्या. शेषेरावांनी आपल्या तळहाताकडं पाहिलं, मग पार्वतम्मांकडं.

"होळीपास्नं," पार्वतम्मा म्हणाल्या. त्यांना आता कुणाची भीड राहिली नव्हती. "अंग पुसून घेतेत नुसतं. आंघुळीची बादली गवताला. मी लई सांगून बघितलं. म्हनले, लोकांसाठी लावलेलं हाय, जळू कसं देऊ."

होस्टेलची एक मुलगी तोंडावर ओढणी दाबून उभी राहिली. अप्पांनी मान इतकी खाली घातली की हनुवटी छातीला लागली. संपलं, त्यांना वाटलं. चोर ठरलो होतो ते बरं होतं. आता उद्यापासून लोक रस्त्यानं नाकाला रुमाल लावून जातील.

शेषेरावांनी रिकामी कळशी खाली ठेवली. त्यांना वाकताना घायपात आठवत होता, तरी ते गुडघ्यावर बसले. "चांदबी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "साबन द्या घरातला. चांगला द्या." आणि अख्ख्या कॉलनीसमोर, रसायनशास्त्राच्या त्या प्राध्यापकांनी अप्पांची पाठ चोळायला घेतली. सलीमभाईनं पिंपाचं झाकण काढलं. कस्तुराबाईंनी आपली घागर दुसऱ्या कुणाला उचलू दिली नाही.

पाणी डोक्यावरून ओघळत होतं आणि अप्पा पाटावर बसून लहान मुलासारखे रडत होते. सगळी हयात ज्या माणसानं परिपत्रकांतून लोकांना पाणी जपून वापरा म्हणून सांगितलं, त्याला त्या दिवशी 'बास' म्हणवेना. पाणी थांबलं असतं, तर रडणं सगळ्यांना दिसलं असतं.